झाकणवाले मालक

मालकांनी आयुष्यभर झाकणं केली. पत्र्याची, गोल, कडेला बारीक चुण्या पाडलेली. डबे दुसरे लोक करत, डब्यात काय भरायचं ते तिसरेच ठरवत, आणि मालक वरून झाकण पुरवून मोकळे होत. "डबा गळला तर डबेवाल्याला शिव्या, माल नासला तर मालवाल्याला. झाकणाला कोणी नावं ठेवत नाही," असं ते धंद्याचं मर्म म्हणून सांगत. हे वाक्य अगदीच खरं नव्हतं, पण ते कळायला त्यांना पुष्कळ वर्षं लागली.

देण्याघेण्यातल्या देण्याशी त्यांचा फारसा परिचय नव्हता. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये म्हणतात. मालकांच्या बाबतीत ती काळजीच नसे, कारण दोन्ही हात खिशात असत. वर्गणी मागायला आलेल्या मंडळींना ते आदराने बसवत, चहा पाजत, आणि झाकणाच्या धंद्यातल्या अडचणी इतक्या तपशिलाने सांगत, की उठताना मंडळींना वाटे, आपणच काहीतरी ठेवून जावं.

असा माणूस सत्तरी ओलांडल्यावर अचानक देत सुटला. शाळेला प्रयोगशाळा दिली, वाचनालयावर मजला चढवून दिला, इस्पितळाच्या आवारात तर एक अख्खी इमारतच उभी करायला घेतली. वर्तमानपत्राने 'करुणेचा झरा' असा मथळा देऊन फोटो छापला. फोटोत मालक असे दिसत होते, की कोणीतरी त्यांचा खिसा कापतोय आणि त्यांना ते माहीत आहे. लोकांनी तर्क लढवले. कोणी म्हणालं उपरती झाली, कोणी म्हणालं वय झालं, आणि जे स्वतःला जास्त शहाणे समजत ते म्हणाले, करसल्लागार बदलला असेल.

खरं कारण घरात खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेलं होतं, आणि ते बोलत नव्हतं.

धंदा सुरू झाला तेव्हा एक भाड्याची शेड होती, पत्रा कापून दाबणारा एक जुना प्रेस होता आणि नवराबायको होते. मालक साचा बसवत, मालकीणबाई पत्रा सरकवून लिव्हर ओढत. प्रेसचा दणका असा, की माणसाला स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येऊ नये. तेव्हा मालकीणबाईंनी हातांची बोली काढली. उजवा हात लिव्हरवर अडकलेला, म्हणून सगळा कारभार डाव्या हाताचा. मूठ वर केली की प्रेस थांबव. दोन बोटं ओठांना लावली की चहा. तळहात खोलगट करून उताणा धरला की 'झाकण उलटं पडलं', म्हणजे माल बाद. हीच खूण कोणी मूर्खपणा केला तरी चाले, आणि मालकांच्या वाट्याला ती बरेचदा येई. पुढे प्रेस वाढले, कामगार आले, त्यांनी ही बोली उचलली आणि आपल्या पदरची भर घातली. आणखी पुढे मोठा कारखाना झाला, काचेचं ऑफिस झालं, आणि मालकीणबाई घरी आल्या.

घरी हातांची गरज उरली नाही. घरात गालिचे होते, जाड पडदे होते आणि मालकीणबाईंची जीभ होती. दोघांच्या वाटणीचं त्या एकट्या बोलत. मालक वर्तमानपत्राआड बसत आणि त्या स्वयंपाकघरातून हाका मारत. "अहो. अहो, ऐकलंत का? अहो, मी भिंतीशी बोलतेय का? भिंतीनेसुद्धा एव्हाना ओ दिली असती." मालक पान उलटत. त्यांना सगळं ऐकू येई. पण ओ दिली की उठावं लागतं, हा त्यांचा अनुभव होता.

आणि मग एका सकाळी खुर्चीतून उठताना मालकीणबाईंचा उजवा हात खुर्चीतच राहिला. उजवा पायही त्याच्या सोबतीला थांबला.

इस्पितळातून घरी आल्या तेव्हा पाय काठीच्या आधाराने पुन्हा रुजू झाला होता. हात अजून रजेवर होता. शब्द मात्र सगळे गेले होते. सगळे म्हणजे, एक सोडून.

"झाकण," मालकीणबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की असं होतं. मेंदूला झटका बसला की कधीकधी एखादाच शब्द जिभेशी राहतो, आणि माणूस जे म्हणायला जाईल त्याच्या जागी तोच येतो. कोणापाशी देवाचं नाव राहतं, कोणापाशी शिवी. "यांचं आयुष्य झाकणांत गेलं, म्हणून झाकण. तुम्ही धीर धरा," डॉक्टर म्हणाले.

मालकांना धीर धरण्याचा सराव नव्हता. मागणी आली की पुरवठा करायचा, हे त्यांना कळत होतं. त्यांनी कारखान्यातून एक झाकण मागवून बायकोच्या मांडीवर ठेवलं.

मालकीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग मालकांकडे पाहिलं. "झाकण," त्या जरा जोरात म्हणाल्या.

"हो, झाकणच आहे. आपलंच."

"झाकण."

"दुसरं पाहिजे का? मोठं?"

दुसऱ्या दिवशी मोठं आलं. मग लहान आलं, मग रंगीत, मग बंद पडलेल्या जुन्या नमुन्याचं, जे शोधायला मालक स्वतः गोदामात शिरले आणि कोळिष्टकं डोक्यावर घेऊन बाहेर आले. खिडकीपाशी झाकणांची चळत लागली.

"बाबा, आईला झाकण नकोय," लेक म्हणाली. ती आईला जेवण भरवायला रोज सासरहून यायची आणि बापाशी आईच्याच आवाजात बोलायची.

"मग ती मागते का?"

"ते मला माहीत नाही. पण जे मागते ते तुम्ही आणत नाही, एवढं तिच्या तोंडावर दिसतंय. पत्र्याचं दुकान काढायचंय का इथे?"

त्याच संध्याकाळी मालकीणबाईंनी डाव्या हाताने ती चळत ढकलून दिली. झाकणं घरभर घरंगळली, एक तर पार जिन्यावरून खाली अंगणात गेलं आणि बराच वेळ स्वतःभोवती फिरत राहिलं. ते आडवं पडून गप्प झालं, तशा मालकीणबाईही गप्प झाल्या. त्यानंतर त्या 'झाकण' देखील म्हणाल्या नाहीत.

वाचा परत आणणाऱ्या एक बाई दूरच्या शहरातून तपासायला आल्या. वय कमी, चष्मा मोठा, बोलणं सरळ. बराच वेळ मालकीणबाईंशेजारी बसून त्या बाहेर आल्या.

"शब्द आत आहेत," त्या म्हणाल्या. "रोज कोणीतरी तासन् तास बसून ते बाहेर काढले पाहिजेत. पण त्यांनी बोलायचा नादच सोडलाय. त्यांना आधी बोलावंसं वाटायला हवं, ते माझ्या हातात नाही. आणि फार उशीर झाला तर कोणाच्याच हातात नाही."

"तुम्ही इथेच राहिलात तर?"

"इथे कुठे? त्यासाठी केंद्र लागतं."

"बरं," मालक म्हणाले. पावशेर काहीतरी आणायला सांगावं आणि माणसाने 'बरं' म्हणावं, तसं ते म्हणाले.

इस्पितळाच्या आवारातली इमारत ती ही. लोक म्हणाले, हजारो मुक्यांना वाचा मिळणार. मालकांना हजारोंशी कर्तव्य नव्हतं. त्यांना एकीचं बोलणं ऐकायचं होतं. पण तसं वर्तमानपत्राला सांगता येत नाही.

बाकीच्या दानांचं कारण आणखी साधं होतं. झाकणवाल्यांची थैली सुटली अशी बातमी फुटल्यावर मागणारे रांग लावून येऊ लागले. पूर्वी मालक त्यांना वाटेला लावत. आता ते बसवून घेत. संध्याकाळी घर इतकं शांत असे, की घड्याळसुद्धा अवघडल्यासारखं चालायचं. आणि मागणारा माणूस निदान बोलतो तरी. प्रयोगशाळा मागायला आलेले मुख्याध्यापक चांगले दोन तास बोलले होते. वाचनालयाचे चिटणीस तर जेवायला राहिले. वाचनालयावरचा मजला त्या जेवणाचा होता.

इमारत झाली. उद्घाटनाला येण्याचं मालकीणबाईंच्या मनात नव्हतं. लेकीने विचारलं, त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मालकांनी विचारलं, त्यांनी खुर्चीच फिरवायला लावली. शेवटी जुना मिस्त्री आला. शेडमधल्या दिवसांपासूनचा हा माणूस, आता निवृत्त होऊन नातवंडांच्या सायकली दुरुस्त करत असे.

"बाई, आपले शेडमधले प्रेसवाले सगळे येणार आहेत," तो म्हणाला. "हातपाय चालणारे सगळे. तुमची खुर्ची मी पुढे मांडतो, मागे आम्ही."

मालकीणबाईंनी थोडा विचार केला आणि डाव्या हाताने कपड्यांच्या कपाटाकडे बोट दाखवलं.

इमारतीसमोर मांडव घातला होता. मंचावर मालक, वाचावाल्या बाई आणि एक मोठे पाहुणे बसले होते. पाहुण्यांच्या मांडीवर त्यांची उन्हाची हॅट होती, मांजर बसावं तशी. पाहुणे बोलले. त्यांच्या बोलण्यात झाकणांचा उल्लेख नव्हता, उद्योग हा शब्द मात्र पुष्कळदा होता. मग मालक उठले. माईक हातात धरायचा होता, तो त्यांनी पाना धरावा तसा धरला.

मालकांचं भाषण एकच होतं आणि ते त्यांनी सगळीकडे केलं होतं. त्यात एक गोष्ट ठरलेली असे.

"आमच्या कारखान्यात शिस्त लादावी लागली नाही," ते म्हणाले. "कामगारांनी ती आपणहून पाळली. मशिनमध्ये केस अडकू नयेत म्हणून टोपी घालायची असा नियम होता. मी शेडमध्ये पाऊल टाकलं रे टाकलं, की पहिल्या प्रेसवरचा माणूस असा डोक्यावर हात ठेवायचा." मालकांनी डावा तळहात स्वतःच्या टकलावर पालथा ठेवून दाखवला. "टोपी घाला, अशी खूण. मग दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला. मी शेवटच्या प्रेसपर्यंत पोचायच्या आत सगळीकडे ही खूण पोचलेली असे. एवढी एकमेकांची काळजी."

मागच्या रांगांत खोकल्याची साथ आली. प्रेसवाले माना खाली घालून रुमालात खोकत होते. मिस्त्री बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याच्या पायात चपला होत्या.

पुढच्या खुर्चीतून एक बारीक आवाज आला. मालकीणबाई हसत होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण हसू सगळंच्या सगळं होतं. मालकांनी ते इतक्या दिवसांत पाहिलं नव्हतं. ते वाक्याच्या मध्येच थांबले, आणि त्याच क्षणी वीज गेली.

मांडवामागचा जनरेटर कोणीतरी चालू केला. तो जुना होता. धाड-धाड करत असा उठला, की पाहुण्यांच्या मांडीवरची हॅट थरथरायला लागली. मंचाला मात्र त्याने वीज दिली नाही, फक्त आवाज दिला. मालक मुका माईक तोंडाशी धरून ओरडत राहिले. दात्याचं भाषण विजेवर अवलंबून नसतं.

मालकीणबाईंचा डावा हात वर गेला. मूठ झाकलेली.

मालक जागच्या जागी थांबले. त्यांना थांबावंसं वाटलं असं नव्हे. ती मूठ दिसली की हातातलं काम थांबवायचं, एवढंच त्यांच्या अंगाला माहीत होतं. पाहुण्यांनी चमकून इकडेतिकडे पाहिलं. मालक माईक हातात घेऊनच मंचावरून उतरले आणि खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. गालिच्या-पडद्यांच्या घरात जो हात इतके दिवस निमूट पडून होता, तो त्या धाडधाडीत आपल्या माहेरी आल्यासारखा मोकळा झाला होता.

मालकीणबाईंनी तळहात स्वतःच्या डोक्यावर पालथा ठेवला. मग बोट मालकांकडे केलं. पुन्हा डोक्यावर तळहात, पुन्हा बोट.

मालकांना समजलं. ऊन होतं, हिला टोपी पाहिजे. ते मंचापाशी गेले, पाहुण्यांच्या मांडीवरची हॅट न विचारता उचलली आणि आणून बायकोच्या डोक्यावर ठेवली. नीट बसली की नाही ते दोन पावलं मागे सरून पाहिलंही.

मालकीणबाईंनी हॅट काढली, मांडीवर ठेवली, आणि तळहात खोलगट करून मालकांच्या नाकासमोर उताणा धरला. झाकण उलटं पडलं. माल बाद.

मागच्या रांगेतून मिस्त्रीला राहवेना. तो पुढे आला आणि मालकांच्या कानाला तोंड लावून ओरडला, "मालक, राग येणार नसेल तर एक सांगतो."

"बोल."

"ती टोपी नव्हती."

"कुठली?"

"शेडमधली. ती टोपीची खूण नव्हती. ते झाकण."

"कसलं झाकण?"

"तुम्ही."

मालकांनी वळून पाहिलं. मिस्त्रीने हात जोडले नाहीत, पण जोडण्याच्या बेताने जवळ आणून ठेवले.

"तुम्ही शेडमध्ये शिरलात की आमची हसती तोंडं पटकन बंद. म्हणून झाकण. झाकण आलं, झाकण गेलं, झाकणाला विचार. सगळी शेड म्हणायची. हातानेही, तोंडानेही."

"इतकी वर्षं?"

"तुमच्यासमोर कधी नाही. मान ठेवूनच म्हणायचो."

"हे नाव ठेवलं कोणी?"

मिस्त्री जनरेटरकडे बघत म्हणाला, "याला तेल कमी पडतंय बहुतेक."

मालकांनी पुन्हा खुर्चीकडे पाहिलं. मालकीणबाईंनी डावा हात सरळ वर केला होता, वर्गात 'हे कोणी केलं' असं विचारल्यावर एखाद्या खरं बोलणाऱ्या मुलीने करावा तसा.

मालक शेजारच्या खुर्चीत बसले. जनरेटर धडाडत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढून झाकणं चालली होती. मोठं, लहान, रंगीत, गोदामातलं. सकाळी डोळे उघडल्याबरोबर ती म्हणायची, झाकण. पाणी हवं असेल, उशी टोचत असेल. कधी काहीच नसेल, नुसतं जवळ येऊन बसा म्हणायचं असेल. सगळ्या शब्दांनी साथ सोडल्यावर हिच्यापाशी एक उरला, तो नवऱ्याला मारायच्या हाकेचा. आणि नवरा दर वेळी पत्रा घेऊन येत होता. जिन्यावरून गेलेलं ते झाकण बरोबर गेलं होतं.

त्यांनी आपला डावा तळहात खोलगट करून उताणा केला आणि तिच्यासमोर धरला. तिने मान हलवली. चूक कबूल करून घेताना ती पहिल्यापासून अशीच हलवायची, जास्त नाही, कमी नाही.

मग वीज आली. कोणीतरी घाईने जनरेटर बंद केला आणि मांडवात अशी शांतता पडली, की पाहुण्यांनी हॅटसाठी घसा खाकरला तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. मालकांच्या मांडीवरचा माईक जिवंत झाला होता, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मालकीणबाईंचा हात खाली आला. त्यांनी मांडवाकडे पाहिलं. एवढे लोक. ओठ मिटायला निघाले, आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरले.

"झाकण," त्या म्हणाल्या. स्पष्ट, खणखणीत, चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून.

मंचावर पाहुण्यांचा चेहरा पडला. उद्घाटनाच्या मंचावर बसलेल्या माणसाला असा शब्द ऐकून तो आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटणं साहजिक आहे. वाचावाल्या बाई मात्र खुर्चीच्या टोकाला आल्या.

"ओ," मालक म्हणाले.

ती ओसुद्धा कर्ण्यांतून गेली. प्रेसवाल्यांच्या रांगेत आता कोणी खोकत नव्हतं. लेक आईच्या खुर्चीमागे उभी होती, तिने पदराचं टोक नाकाला लावलं आणि बापाकडे असं पाहिलं, की जणू हा माणूस आपल्याला पहिल्यांदाच भेटतोय.

मालकीणबाईंनी थोडं थांबून, नीट जुळवून, पुन्हा म्हटलं, "झाकण."

"ओ. काय गं?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. काम काही नव्हतं. ओ येते का, ते पाहिलं होतं.